बोटीचे इंजिन का तापते, आणि पाणी कुठे अडते



नदीकाठच्या कुटुंबांच्या बोटींसाठी आपण दिलेल्या देणगीचा हिशेब मागच्या अंकात छापला होता. तो वाचून दोन-तीन मंडळींतून एकच प्रश्न आला: एकाच बोटीच्या इंजिनावर एका वर्षात तीनदा खर्च कसा होतो? प्रश्न रास्त आहे. खरे तर आपल्याला तो विचारावा लागण्याआधी आम्हीच स्वतःला विचारायला हवा होता. तिन्ही वेळा इंजिन तापले म्हणून दुरुस्ती झाली, तिन्ही वेळा वेगळा भाग बदलला, आणि मूळ दोष तिसऱ्या खेपेपर्यंत कुणी शोधलाच नव्हता. तो काय होता हे पुढे सांगतो. पण आधी इंजिन तापणे म्हणजे काय आणि त्याचे कारण कसे शोधायचे हे समजून घेऊ, म्हणजे पुढचा हिशेब वाचताना आपल्याला आमच्या शब्दावर विसंबावे लागणार नाही.

हे काम कुठे चालते ते नव्या वाचकांसाठी थोडक्यात. रांजणगाव सांडसजवळ मुळा-मुठा भीमेला मिळते, तिथून खाली भीमेच्या एका काठाला दौंड आणि दुसऱ्या काठाला शिरूर तालुका. पुढे घोडही भीमेत येते आणि दौंडच्या पूर्वेला उजनीचा फुगवटा सुरू होतो. या काठांवर आणि वर चिंचणीच्या घोड धरणावर भिल्ल कुटुंबे मासेमारी करून जगतात. चिलापी, कटला, रोहू, कधी मरळ, कधी वाम. पूर्वी सगळे वल्ह्यावर होते. पण फुगवट्यात पाण्याचा विस्तार मोठा, जाळी लांब टाकावी लागतात आणि दुपारनंतर वारा उठतो. म्हणून काहींनी बोटींवर लहान डिझेल इंजिने बसवली. ही इंजिने मुळात बोटीसाठी केलेली नाहीत. शेतातल्या पाण्याच्या पंपाला असते तेच एका सिलिंडरचे इंजिन, त्याला दांडा आणि पंखा जोडलेला. आपल्या पुणे जिल्ह्याला हे यंत्र काही परके नाही. खडकीला किर्लोस्करांचा ऑइल इंजिनांचा कारखाना १९४६ साली निघाला आणि तेव्हापासून विहिरीवरच्या इंजिनाचा ठोका आपल्या गावांत घड्याळासारखा ऐकू येतो.

पेत्राच्या होडीला इंजिन नव्हते, त्यामुळे ही एक चिंता त्याला नव्हती. आमच्या माणसांना आहे. इंजिन बसले की बोट उभी राहते. बोट उभी राहिली की घरात पैसा येत नाही. मग मासे घेणाऱ्या व्यापाऱ्याकडून उचल घ्यावी लागते. उचल म्हणजे आधी घेतलेले पैसे. ते फिटेपर्यंत मासा त्याच व्यापाऱ्याला, तो म्हणेल त्या भावाने द्यायचा. ती फिटली नाही की पुढची पायरी वीटभट्टी किंवा कोळशाची भट्टी, तीही उचलीवरच. वेठबिगारी कायद्याने १९७६ साली बंद झाली, हे खरे. पण उचलीच्या वहीत अडकलेल्या माणसाला तो कायदा कुणी वाचून दाखवत नाही. हे सगळे आपण या पत्रकात पूर्वी वाचले आहे. त्याची सुरुवात पुष्कळदा एखाद्या फाटक्या रबरी नळीपासून होते, एवढेच मला आज त्यात घालायचे आहे.

आता इंजिनाकडे वळू.

डिझेल जळते तेव्हा जी उष्णता निघते तिचा साधारण तिसरा हिस्साच पंखा फिरवायच्या कामी येतो. जवळपास तेवढीच धुराबरोबर बाहेर जाते. उरलेली लोखंडात मुरते, आणि ती सतत काढून घेतली नाही तर काही मिनिटांत इंजिन स्वतःलाच भाजते. पिस्टन फुगतो, लायनरशी असलेली त्याची बारीक फट भरून जाते, मधला तेलाचा थर पातळ होऊन फाटतो आणि लोखंड लोखंडाला घासते. मग पिस्टन जागीच धरून बसतो. यालाच आपण इंजिन 'जाम झाले', 'सीज झाले' म्हणतो. रुडॉल्फ डिझेलने १८९३ साली प्रयोगाचे पहिले यंत्र बांधले तेव्हा त्याला पाण्याचे कवच दिले नव्हते. उष्णता फुकट का घालवायची, असा त्याचा हिशेब होता. पुढच्या यंत्राला मात्र त्याने कवच दिले, आणि तेव्हापासून कुणी तो हट्ट धरला नाही.

आमच्या बोटींवर पाण्याची सोय अगदी साधी आहे. बोटीच्या कडेवरून एक नळी पाण्यात सोडलेली असते, तिच्या तोंडाशी जाळी. इंजिनावरचा लहान पंप त्या नळीतून नदीचे पाणी ओढतो. ते सिलिंडरभोवतीच्या पोकळीतून आणि हेडमधून फिरते, गरम होते आणि दुसऱ्या नळीने परत नदीत पडते. मोठ्या लाँचमध्ये वेगळी रचना असते. तिथे इंजिनातले स्वच्छ पाणी आतल्या आत फिरते आणि नदीचे पाणी बाहेरून त्याला थंड करते. नंदुरबार जिल्ह्यात सरदार सरोवराच्या फुगवट्यातल्या आदिवासी पाड्यांना 'तरंगता दवाखाना' जातो, तसल्या मोठ्या बोटींत असा प्रकार आढळतो. काही जणांकडे हौदवाले इंजिन आहे, त्यात वर उघड्या हौदात पाणी भरायचे आणि उकळून कमी झाले की पुन्हा ओतायचे. आणि काहींकडे हवेने थंड होणारे, अंगावर पत्र्याच्या पापुद्र्यांसारखे पंख असलेले इंजिन. त्यात पाण्याची भानगडच नाही, पण पंखांमध्ये तेल आणि धूळ बसली किंवा पावसासाठी वरून ताडपत्री घट्ट बांधली तर तेही तापते. बहुतेक तक्रारी नदीचे पाणी थेट ओढणाऱ्या इंजिनांच्या असतात, म्हणून पुढचे सगळे त्यांच्याविषयी आहे.

तपासणीचा पहिला नियम असा की पान्हा हातात घेण्याआधी बाहेर पडणाऱ्या पाण्याकडे बघायचे. धार किती जाड आहे आणि ते पाणी किती गरम आहे, या दोन गोष्टींतच निम्म्याहून जास्त उत्तर असते.

इथे थोडे गणित करू. समजा नदीचे पाणी २५ अंशांचे आहे आणि ठणठणीत इंजिनातून ते ४० अंशांचे होऊन बाहेर येते. म्हणजे १५ अंश वाढले. आता कुठे तरी कचरा अडकून पाणी निम्मेच यायला लागले. इंजिन उष्णता तेवढीच देते, पाणी निम्मे, म्हणून वाढ दुप्पट: ३० अंश, बाहेरचे पाणी ५५. त्या पाण्याखाली हात धरवत नाही. पाणी चौथाईवर आले तर वाढ ६० अंश, बाहेरचे पाणी ८५. त्याच्यापुढे वाफ. म्हणजे धार बारीक आणि पाणी कढत असेल तर पाण्याच्या वाटेत अडथळा आहे हे नक्की समजावे, आणि हेड खोलायला घेऊ नये.

उलटही होते. धार जाड आहे, पाणी कोमट आहे, आणि इंजिन मात्र तापून लाल. म्हणजे पाणी जाते आहे पण उष्णता उचलत नाही. कारण बहुधा आतले कवच: आपले पाणी क्षाराचे, शिवाय नदीत गाळ. तापलेल्या पोकळीच्या भिंतीवर क्षाराचा पापुद्रा चढतो, तळाला चिखल बसतो. क्षारातून उष्णता लोखंडाच्या मानाने कितीतरी कमी जाते. चहाच्या जुन्या किटलीत जो पांढरा थर दिसतो, तोच तिथे असतो. फरक इतकाच की किटली उशिरा उकळते आणि इंजिन लवकर बसते.

तिसरी शक्यता, धारही चांगली आणि पाणीही नेहमीपेक्षा गरम. तेव्हा दोष पाण्यात नसून इंजिनावर ओझे जास्त आहे. पंख्याला जाळ्याचा दोरा गुंडाळला असेल, बोटीत माणसे जास्त भरली असतील, डिझेल सोडण्याची वेळ चुकली असेल किंवा सायलेन्सर काजळीने चोंदला असेल. धूर काळा येत असेल तर याची जवळजवळ खात्रीच. अशा वेळी पाण्याचा पंप बदलणे म्हणजे पोट दुखते म्हणून डोळ्यात औषध घालणे.

धार बारीक असेल तर शोध नळीच्या तोंडापासून सुरू करायचा आणि पाणी ज्या वाटेने जाते त्याच वाटेने पुढे जायचे. उड्या मारायच्या नाहीत. आधी तोंडाची जाळी. तिथे काय सापडेल हे महिना सांगतो. पावसाळ्यात आणि त्यानंतर पुराबरोबर वाहत आलेली जलपर्णी. तिची मुळे केसांसारखी असतात आणि जाळीवर अशी बसतात की वरून बघणाऱ्याला जाळी ठीकच दिसते, उचलून उलटी केल्यावर कळते. वर्षभर प्लॅस्टिकच्या पिशव्या, कारण पुण्याच्या शहराचे सगळे मुळा-मुठेतून इकडेच येते. आणि एप्रिल-मेमध्ये, उजनी मृतसाठ्याच्याही खाली उणे पातळीत गेली की, पाणी उथळ होते आणि नळी सरळ चिखलच ओढते. एका दादांनी यावर केलेला उपाय मला आवडला. नळीच्या तोंडाशी त्यांनी जाळ्याची एक तरंगी बांधली आहे. तोंड तळाला टेकत नाही, पाण्याच्या वीतभर खाली लटकत राहते.

जाळी साफ असेल तर नळी. जुनी रबरी नळी बाहेरून धडधाकट दिसते आणि आतून तिचा पदर सुटलेला असतो. पंपाने ओढले की तो पदर झडपेसारखा मिटतो. इंजिन बंद करून फुंकून पाहिले तर हवा छान जाते! म्हणून नळी चालू इंजिनावर बघावी, चपटी होते का ते बोटांनी दाबून. फूटव्हॉल्व्ह, ज्याला आपले शेतकरी सरसकट 'फुटबॉल' म्हणतात, तो बसवलेला असेल तर त्याची झडप उघडते की नाही हेही इथेच तपासायचे.

पुढे पंप. पंप पट्ट्यावर चालत असेल तर पट्टा सैल आहे का, चकाकतो का. पंपात रबरी पंखा असेल तर झाकण काढून त्याच्या पाकळ्या मोजायच्या. हा रबर पाण्यानेच थंड राहतो आणि पाण्यानेच त्याला वंगण मिळते. कोरडा फिरला तर थोड्याच वेळात भाजून तुटतो. पाकळी तुटलेली दिसली तर नवा पंखा बसवून काम संपत नाही, तुटलेला तुकडा शोधावाच लागतो. तो पाण्याबरोबर पुढे गेलेला असतो आणि हेडच्या अरुंद वाटेत जाऊन बसतो. तुकडा सापडेपर्यंत झाकण लावू नये, असे मी आता सगळ्यांना सांगतो. हे शहाणपण चुकातून आलेले आहे.

काही इंजिनांत पंपाच्या पुढे थर्मोस्टॅट असतो. इंजिन गार असताना पाणी अडवायचे, गरम झाले की वाट मोकळी करायची, हे त्याचे काम. तो बंद अवस्थेत अडकला की पाणीच पुढे जात नाही. त्याची परीक्षा चुलीवर होते. पातेल्यात पाणी घेऊन त्यात तो दोऱ्याने लटकवायचा, बाजूला तापमापी धरायची, आणि त्याच्यावर कोरलेल्या अंशांच्या आसपास तो उघडतो का बघायचे. आपल्याकडे तो काढून फेकून द्यायची पद्धत आहे. 'आपल्या उन्हात कशाला पाहिजे?' असे म्हणतात. पण सतत गार राहिलेल्या इंजिनात डिझेल पुरते जळत नाही, तेलात उतरते आणि लायनर लवकर झिजतो. तापण्याचा दोष जाऊन झिजण्याचा येतो, तो फक्त उशिरा दिसतो.

आता त्या तीन दुरुस्त्यांकडे येतो.

ही बोट एक मावशी आणि त्यांचा थोरला मुलगा चालवतात. पहिल्यांदा इंजिन तापले तेव्हा पंपाच्या रबरी पंख्याच्या दोन पाकळ्या गेलेल्या निघाल्या. नवा पंखा बसवला, इंजिन चालू झाले, आम्ही समाधानाने घरी आलो. पाकळ्या का गेल्या हे विचारले नाही. दीड-दोन महिन्यांत पुन्हा तापले. या वेळी हेडचे गॅसकेट उडाले होते. हेड लेथवर नेऊन सपाट केले, गॅसकेट नवे घातले. हा खर्च मोठा होता, आपण तो हिशेबात पाहिला आहे. थोड्याच आठवड्यांनी तिसऱ्यांदा तापले, आणि पंख्याच्या पाकळ्या पुन्हा भाजलेल्या. तेव्हा कारागिराने अख्खा पंपच बदलायला सांगितले आणि आम्ही तोही आणला.

पंप घेऊन गेलो तेव्हा मावशी काठावर जाळे विणत बसल्या होत्या. त्या सहज म्हणाल्या, "भरून येताना नाही ओ तापत. सकाळी रिकामी जातानाच तापतं."

हे ऐकून मी थांबलो. ओझे जास्त असले तर इंजिन तापायला हवे. इथे उलटेच. मी विचारले, "मावशी, हे आधी का नाही सांगितलं?" त्या म्हणाल्या, "तुम्ही इचारलं कुठं?"

मग नळी बोटीच्या कडेवर जिथे घासते तिथे हात फिरवला. क्लिपच्या खाली, बाहेरच्या अंगाला, नखभर चीर होती. बोट भरलेली असली की ती चार बोटे खाली दबते आणि चीर पाण्याखाली जाते. तिथून पंप पाणीच ओढतो, काही बिघडत नाही. बोट रिकामी असली की चीर पाण्याच्या वर येते आणि पंप हवा घेतो. हवा मिसळली की पाणी कमी, रबरी पंखा कोरडा, पाकळ्या भाजणार, मग इंजिन तापणार आणि एखाद्या दिवशी गॅसकेट उडणार. तिन्ही दुरुस्त्या एकाच चिरेच्या होत्या. नवा पंखा जोमाने ओढत असे म्हणून काही दिवस भागत असे, इतकेच.

ही चीर आम्हाला का दिसली नाही? कारण आपण गळती शोधतो ती थेंब बघून. पंपाच्या पुढच्या नळीला भोक पडले तर पाणी बाहेर उडते, ते कुणालाही दिसते. पंपाच्या मागच्या, ओढणाऱ्या नळीला भोक पडले तर पाणी बाहेर येतच नाही, हवा आत जाते. एक थेंबही गळत नाही. ती शोधायला दोन युक्त्या आहेत. बाहेर पडणाऱ्या धारेत बुडबुडे येतात का, धार फुर्र-फुर्र तुटत पडते का, ते बघायचे. आणि इंजिन चालू असताना नळीच्या सांध्यांवर साबणाचा फेस लावत जायचे. जिथे फेस आत ओढला जातो तिथे चीर. ओल्या फडक्याने ती जागा गच्च गुंडाळली आणि धार लगेच जाड झाली तर शंकाच उरत नाही.

नळीचा तुकडा बदलला, कडेवर जुन्या टायरची पट्टी ठोकली म्हणजे नळी घासणार नाही. नवा पंप दुकानदाराने परत घेतला, त्याचे आभार. त्यानंतर हे इंजिन तापलेले नाही.

गॅसकेटविषयी मात्र थोडे सांगायला हवे, कारण ते तापण्याचा परिणाम असते तसे कारणही होऊ शकते. ब्लॉक आणि हेड यांच्यामधली ही पातळ चकती एकीकडे जळणारा वायू, दुसरीकडे पाणी, अशी दोन घरे वेगळी ठेवते. ती फुटली की वायू पाण्यात शिरतो. बाहेरच्या धारेत तेव्हाही बुडबुडे येतात, पण त्यांना धुराचा वास असतो, आणि इंजिनाचा वेग वाढवला की ते वाढतात. पाणी तेलात उतरले तर तेल मोजायच्या पट्टीवर ते दुधाच्या चहासारखे दिसते आणि तेलाची पातळी कमी व्हायच्या ऐवजी वाढलेली असते. तेल वाढले म्हणून खूश होणारा एक मुलगा मला भेटला आहे! असे तेल दिसले की इंजिन एक मिनिटही चालवू नये. इथे मात्र हेड खोलावेच लागते, त्याला पर्याय नाही.

पाण्यावर असताना इंजिन तापले तर काय करायचे, हे सगळ्या कुटुंबांना आम्ही पुन्हा पुन्हा सांगतो. धार चालू असेल तर एकदम बंद करू नका. वेग कमी करून काही मिनिटे हळू चालू द्या, म्हणजे फिरते पाणी आतली उष्णता काढून घेईल. धार बंदच पडली असेल तर मात्र ताबडतोब इंजिन बंद करा आणि वल्हे घ्या. तापलेल्या इंजिनावर नदीचे गार पाणी ओतू नका. सगळ्यांचा हात आधी बादलीकडेच जातो, पण त्याने बिडाचे हेड तडकते आणि मग दुरुस्ती उरत नाही, नवेच हेड आणावे लागते. बंद प्रकारच्या इंजिनाचे पाण्याचे झाकण गरम असताना उघडू नका. कुकरची शिट्टी वाजत असताना कुणी झाकण काढत नाही, तसेच ते.

आणि वल्हे बोटीत असलेच पाहिजे, इंजिन कितीही नवे असो. २१ मे २०२४ च्या संध्याकाळी उजनीच्या फुगवट्यात इंदापूर तालुक्यातील कळाशी आणि करमाळा तालुक्यातील कुगाव यांच्या दरम्यान वादळी वाऱ्यात प्रवासी बोट उलटली आणि सहा जण बुडाले. ते वाऱ्याने झाले. पण त्या पाण्यावर मे महिन्याच्या संध्याकाळी वारा कसा उठतो हे काठावरच्या प्रत्येकाला माहीत आहे. बोटीचे तोंड वाऱ्याकडे धरून ठेवता आले तर तरण्याची आशा असते. इंजिन नेमके तेव्हा बंद पडले आणि बोट आडवी झाली तर लाट आत येते. म्हणून आम्ही इंजिनांच्या दुरुस्तीबरोबर प्रत्येक बोटीत दोन वल्ही आणि माणशी एक लाइफ जॅकेट असल्याशिवाय पैसे देत नाही. यावर काही कुटुंबांची नाराजी आहे, जॅकेट अंगात घालून जाळे ओढता येत नाही म्हणतात. तेही खोटे नाही. वाद चालू आहे.

या वर्षापासून आम्ही एक साधी वही सुरू केली आहे. इंजिन ठणठणीत असताना, ठरलेल्या वेगाला, बाहेरच्या नळीखाली पाच लिटरचा डबा धरायचा आणि मोबाइलवर सेकंद मोजायचे. तो आकडा बोटीच्या आतल्या बाजूला रंगाने लिहायचा. महिन्यातून एकदा पुन्हा मोजायचा. समजा डबा साठ सेकंदांत भरत होता आणि आता नव्वद लागतात, तर इंजिन अजून तापलेले नसले तरी पाण्याची वाट अरुंद झाली आहे. जाळीपासून शोध सुरू करायचा. ज्यांना लिहिता-वाचता येत नाही त्यांनी कारागिराकडून आकड्याच्या जागी रेघा काढून घेतल्या आहेत, दहा सेकंदांना एक रेघ. मावशींच्या बोटीवर सहा रेघा आहेत. त्या रेघांच्या शेजारी त्यांनी स्वतःहून एक छोटा मासा काढला आहे, तो कशासाठी ते मी विचारले नाही.

मदत पाठवू इच्छिणाऱ्यांसाठी एक विनंती. काही बंधूंनी प्रेमाने इंजिनाचे सुटे भाग थेट विकत घेऊन पाठवले. त्यातले रबरी पंखे वेगळ्या मापाचे निघाले आणि ते आता कपाटात पडून आहेत. भाग घेण्याआधी कृपया कार्यालयात विचारावे, आम्ही इंजिनाचा नमुना आणि माप कळवू. त्याऐवजी कुठेही उपयोगी पडतील अशा वस्तू हव्या आहेत: जाड भिंतीची सक्शनची नळी, ती आत पाणी दिसेल अशी पारदर्शक असेल तर उत्तम, कारण बुडबुडे डोळ्यांना दिसतात; स्टीलच्या क्लिपा; शंभर अंशांपर्यंतची तापमापी; आणि झाकणाचे पाच लिटरचे डबे, जे आपल्या घरी तेलाचे रिकामे पडलेले असतातच. डबे धुऊन पाठवावेत.